पुराचं पाणी लागलेली गाडी: ठेवावी की विकावी?

पुण्यात सिंहगड रोडला नदीकाठच्या सोसायटीत राहणाऱ्या, रुग्णालयात परिचारिका असलेल्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. २०१८ साली त्यांनी स्वतःच्या पगारावर कर्ज काढून पेट्रोलवरची छोटी गाडी घेतली. कर्ज मागच्या वर्षी फिटलं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी पार्किंगमध्ये शिरलं आणि गाडी सीटच्या वरपर्यंत बुडाली. किल्लीला हात न लावता त्यांनी ती टो करून वर्कशॉपला नेली. दुरुस्तीचं बिल १ लाख ७२ हजार झालं. विम्याचे ९८ हजार मिळाले, पदरचे ७४ हजार गेले. आठ महिने झाले, गाडी चालते आहे. पण एसी लावला की कुबट वास येतो, डाव्या खिडकीची काच दोनदा मधेच अडकली, आणि एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागून आपोआप विझतो. आठवड्यातल्या चार रात्री त्या याच गाडीने ड्युटीला जातात. पतीचं म्हणणं, विकून टाकू, पण पुराचं कुठे बोलायचं नाही. तसं केलं तर २ लाख ७० हजार येतील, असं ओळखीचा एजंट सांगतो. खरं सांगितल्यावर एका डीलरने १ लाख ९० हजार देऊ केले. ‘एवढा खर्च करून गाडी पूर्वीसारखी झाली आहे, मग सांगायचं कशाला? की ठेवूनच देऊ? आणि विमा कंपनीने तेव्हाच गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण गेलेली, का धरली नाही? आम्हाला फसवलं का?’ असं त्यांनी विचारलं आहे.

ताई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एअरबॅगपाशी अडले. कुबट वास, अडकणारी काच आणि मग एअरबॅगचा दिवा, अशा क्रमाने तुम्ही लिहिलंय. वासाने माणूस वैतागतो, काच अडकली तर पावसात बाही भिजते. एअरबॅगचं तसं नाही. म्हणून ठेवायची की विकायची हे बाजूला ठेवून आधी या दिव्याचं बोलते.

बहुतेक छोट्या गाड्यांत एअरबॅगचं नियंत्रण करणारी डबी पुढच्या दोन सीटच्या मधे, कन्सोलखाली, अगदी तळाशी बसवलेली असते. धडक बसताच सीटबेल्ट क्षणात आवळून धरणारी जी यंत्रणा असते, तिच्या वायरींचे जोडही खालीच, बऱ्याच गाड्यांत पुढच्या सीटखाली, असतात. तुमच्या गाडीत पाणी सीटच्या वर गेलं होतं. म्हणजे हे सगळं गाळाच्या पाण्यात होतं, आणि पाणी ओसरून गाडी टो होईपर्यंत तसंच राहिलं. धातूच्या बारीक पिनांवर हिरवट गंज चढायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात तो दिसत नाही, सहाव्या-आठव्या महिन्यात दिसतो. कोरड्या हवेत जोड बरा राहतो, दमट हवेत पुन्हा कुरकुरतो. दिवा लागून विझतोय तो बहुधा याच कारणाने. तो पेटलेला असताना यंत्रणेने स्वतःतला दोष ओळखलेला असतो, आणि त्या वेळी अपघात झाला तर एअरबॅग उघडेलच अशी खात्री धरता येत नाही. तेव्हा याचा निकाल लागेपर्यंत घाट आणि हायवे नको. रात्रपाळीला शक्य असेल तर एखाद्या सहकारी मैत्रिणीबरोबर जा.

‘आठ महिने चालते आहे’ हा तुम्हाला गाडी ठीक असल्याचा पुरावा वाटतो. तसं वाटणं साहजिक आहे. पण इंजिन चालणं वेगळं आणि गाडी शाबूत असणं वेगळं. पुराच्या पाण्याचा खरा मार इंजिनापेक्षा वायरिंगवर बसतो. किल्ली न फिरवून तुम्ही इंजिन वाचवलंत, हे फार शहाणपणाचं केलंत. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग बिल कुठल्या कुठे जातं.

मी स्वतःही बरीच वर्षं तुमच्यासारखंच समजत होते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा आम्ही कल्याणला होतो. काकांची जुनी कार्ब्युरेटरची गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती. मेकॅनिकने सगळी ऑइलं बदलली, प्लग काढून पुसले, सेल्फ आणि डायनामो खोलून वाळवले. श्रावणातलं ऊन पडलं तशा सीट गच्चीवर गेल्या. ती गाडी पुढे सहा वर्षं चालली. आमच्या घरात त्यानंतर एक समज पक्का झाला की पाणी लागलेली गाडी नीट वाळवली की झालं. पण त्या गाडीत वायरी मोजून वीस-पंचवीस असतील. तुमच्या २०१८ च्या गाडीत स्टिअरिंगला मदत करणारी मोटर, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा), एअरबॅग, काचा, सेंट्रल लॉक या सगळ्यांच्या मागे इलेक्ट्रॉनिक डब्या आहेत. तो जुना अनुभव हिला लावता येत नाही. तुमच्या पतीच्या आणि एजंटच्या बोलण्यातही मला तोच जुना अनुभव दिसतो.

‘पूर्वीसारखी झाली आहे’ हे वाक्य मी तुमच्या बिलाशी ताडून पाहीन. तुम्हीही पाहा. एकूण आकड्याला महत्त्व नाही, तपशिलाची पानं काढा. प्रत्येक ओळीपुढे पार्ट नंबर आणि किंमत आहे, की नुसती मजुरी? एअरबॅग मॉड्यूल, सीटबेल्टचे संच, मुख्य वायरिंग, एबीएसचं युनिट यांच्यापुढे पार्ट नंबर असेल तर ते बदललेत. ‘क्लीनिंग’ किंवा ‘ड्राय अँड रिफिट’ असं असेल, तर तोच बुडालेला भाग पुसून परत बसवलाय. तपशील नसेल तर वर्कशॉपला लेखी मागा, विमा कंपनीकडे सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान मोजायला आलेल्या माणसाच्या, अहवालाची प्रत मागा. दोन्ही कागद पुढे प्रत्येक टप्प्यावर लागणार आहेत. आणि बदललेल्या भागांची वॉरंटी अजून चालू असेल तर एअरबॅगच्या दिव्याची तक्रार आधी त्याच वर्कशॉपला ईमेलने करा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

त्यानंतर गाडी दुसऱ्या, ओळख नसलेल्या जाणकाराला दाखवा. जिथे दुरुस्ती झाली तिथेच तपासून घेऊ नका. त्याला चार कामं सांगा. स्कॅनर लावून सगळ्या डब्यांत साठलेले दोष वाचायचे, पुसण्याआधी त्यांचा छापील कागद द्यायचा. पुढच्या सीटखालचे जोड उघडून फोटो काढायचे. पायाखालचं कार्पेट एका कोपऱ्यातून उचलून खालचं फोम ओलं आहे का बघायचं. व्हील बेअरिंग आणि ब्रेक ऑइल तपासायचं, कारण ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं. तुमचा कुबट वास बहुधा त्या फोममधून किंवा एसीच्या कॉइलवरच्या बुरशीतून येतोय. सुगंधी डबी ठेवून तो जात नाही. या तपासणीला थोडे पैसे जातील, ते जाऊ द्या. तो कागद हातात नसताना ठेवायची म्हणा किंवा विकायची म्हणा, दोन्ही अंदाजच.

आता विमा कंपनीचं. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तरच ती टोटल लॉस धरतात. तुम्ही आयडीव्ही २ लाख ९० हजार लिहिली आहे. तिचे ७५ टक्के म्हणजे २ लाख १७ हजार ५००. तुमचं बिल १ लाख ७२ हजार, त्यामुळे ती रेषेच्या अलीकडे राहिली. ७४ हजार पदरचे का गेले, त्याचं कारण कपातीच्या नियमात आहे. झिरो डेप (भाग जुने झाल्याची कपात न करणारं जादा कवच) नसलेल्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरी, एअरबॅग यांच्या किमतीतून निम्मी रक्कम कापतात आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांतून ४० टक्के. मन दुखणं मी समजू शकते, पण तुम्ही दिलेल्या आकड्यांत मला फसवणूक दिसत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते दुसरेच दोन आकडे. एजंटचे २ लाख ७० हजार आणि डीलरचे १ लाख ९० हजार, यांत फरक ८० हजारांचा. तुमच्या खिशातून गेले ७४ हजार. दोन्ही जवळजवळ सारखेच आहेत, हे तुमच्या लक्षात आलं का? न सांगता विकलं की पुरात गेलेले पैसे परत येतात, म्हणून ती कल्पना घरात इतकी सरळ वाटते. पण ते पैसे पुराने घेतले, ताई. ते द्यायचे कुणी? तुमची गाडी घेणारा कुणी पहिली नोकरी लागलेला मुलगा असेल, गरोदर बायकोला दवाखान्यात नेण्यासाठी गाडी घेणारा असेल. त्याने त्या पहाटे काय केलं होतं?

तुमचे पती लबाड आहेत असं मला मुळीच वाटत नाही. त्या पुरात घरातलं काय काय गेलं ते तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण फ्रिज, गाद्या, मुलाची पुस्तकं ही यादी मला दिसली. इतकं गेल्यावर कुठून तरी थोडं परत मिळावं असं कुणालाही वाटेल. त्यांच्याशी वाद घालू नका. दोन आकडे कागदावर लिहून समोर ठेवा आणि एवढंच विचारा: ‘हीच गाडी आपण घेत असतो आणि हे आपल्याला नंतर कळलं असतं तर?’ हा प्रश्न कल्पनेतला नाही. ही गाडी विकलीत तर तुम्ही बहुधा दुसरी जुनीच घेणार. २०२४ च्या पुरात बुडालेल्या इतरांच्या गाड्याही त्याच बाजारात आहेत.

पुण्यात पानशेतच्या पुराचं पाणी १२ जुलै १९६१ ला कुठवर आलं होतं, त्याच्या खुणा काही जुन्या इमारतींवर अजून आहेत. आपल्याकडे आरसी बुकावर अशी खूण होत नाही. पूर किंवा अपघात यांची नोंद करायला त्यात रकानाच नाही. त्यामुळे ती खूण मालकाच्या तोंडातूनच यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

आणि लपवायचं म्हटलं तरी ते फार काळ लपत नाही. तुमच्या विमा पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य दिसणार. सहा वर्षं जुन्या गाडीला शून्य बोनस दिसला की जाणता माणूस विचारतोच, क्लेम कशाचा होता? वर्कशॉपमध्ये गाडीच्या नंबरवर दुरुस्तीची नोंद आहे. आता कायदा. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम १७ प्रमाणे नुसतं गप्प बसणं बहुतेक वेळा फसवणूक ठरत नाही, पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकणं ठरतं. खरेदीदाराने ‘पाणी लागलंय का?’ असं विचारल्यावर तुम्ही ‘नाही’ म्हणालात, तर तो पुढे व्यवहार रद्द करायला आणि भरपाई मागायला तुमच्या दारात उभा राहू शकतो.

मग ठेवायची का? याचं उत्तर तुमच्या बिलात आणि तपासणीच्या कागदात आहे. एअरबॅगची डबी, सीटबेल्ट आणि वायरिंग खरंच नवीन बसवलं असेल आणि आत्ताचा दोष एखाद्याच जोडात निघाला, तर दुरुस्त करून ठेवायला माझी हरकत नाही. कारण अशी गाडी बाजारात जेवढ्याला जाते त्यापेक्षा तुमच्या उपयोगाची जास्त असते. तिचा सगळा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे, कर्ज फिटलं आहे, आणि १ लाख ९० हजारांत तिच्यापेक्षा बरी आणि खात्रीची गाडी मिळणं कठीण. पण ठेवायचीच असेल तर ‘एवढा खर्च केलाय म्हणून’ हे कारण मनातून काढा. ते ७४ हजार गाडी ठेवली तरी गेले, विकली तरी गेले. यापुढे किती जाणार आणि त्या बदल्यात काय मिळणार, एवढाच हिशोब करायचा.

पण बिलात ‘क्लीनिंग’च असेल, स्कॅनवर एकाहून जास्त डब्यांचे दोष निघाले, किंवा जोडांच्या फोटोत हिरवं दिसलं, तर माझं मत स्पष्ट आहे: खरं सांगून विका. मी तुमच्या जागी असते तर तशा गाडीतून रात्री साडेनऊला एकटी निघाले नसते. हा गंज एका जागी थांबत नाही. आज काच, उद्या सेंट्रल लॉक, परवा स्टिअरिंगची मदत. प्रत्येक वेळी पाच-दहा हजार भरून तुम्ही ती ठेवाल, आणि तीन वर्षांनी त्या १ लाख ९० हजारांतलेही फारसे उरणार नाहीत.

तुम्ही लिहिलंय, ‘ही गाडी आल्यापासून रात्री कुणाची वाट बघत रुग्णालयाच्या पायरीवर बसावं लागलं नाही.’ हे वाचून मला वाटलं, तुम्हाला गाडीपेक्षा हे सुटण्याची भीती आहे. ही मोकळीक तुम्ही तुमच्या पगारातून मिळवलीत. ती दुसऱ्या गाडीतही तुमच्याबरोबर येईल. फक्त त्या गाडीचा एअरबॅगचा दिवा वेळेवर विझायला हवा.

विकायचं ठरलं तर एका डीलरवर थांबू नका. दुरुस्तीचं तपशीलवार बिल, सर्व्हेअरचा अहवाल आणि तपासणीचा कागद घेऊन आणखी दोन-तीन ठिकाणी जा. पाणी लागलं होतं असं नुसतं ऐकलं की डीलर सर्वात वाईट गृहीत धरून भाव सांगतो. नेमकं काय बदललंय ते कागदावर दिसलं तर भाव थोडा सुधारू शकतो. एअरबॅग दुरुस्त करून मगच दाखवा. विक्रीच्या करारात एक ओळ हाताने लिहा: ‘जुलै २०२४ मध्ये गाडीत सीटच्या वरपर्यंत पुराचं पाणी शिरलं होतं, दुरुस्तीचं बिल खरेदीदाराने पाहिलं आहे’, आणि खाली दोघांच्या सह्या घ्या. ही ओळ खरेदीदाराइतकीच तुम्हालाही राखते.

एजंटला मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून देऊ नका. हे इतकं सर्रास चालतं की त्यात काही चूक आहे असं कुणाला वाटतच नाही. आरटीओत नाव बदलेपर्यंत कायद्याने मालक तुम्हीच. त्या मधल्या काळात गाडीने कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस नोंदणीकृत मालकाला येते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हेच धरून निकाल दिला आहे. विक्री झाल्यावर १४ दिवसांत आरटीओला कळवा. परिवहन खात्याकडे नोंदणी असलेल्या डीलरला देत असाल तर ताबा दिल्याची नोंद पोर्टलवर करून पावती घ्या, तिथून पुढे जबाबदारी त्याची. कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवला आहे का, तेही बघून ठेवा. बरेचजण ते विसरतात आणि ऐन व्यवहाराच्या वेळी धावपळ होते.

ठेवलीत तर पावसाळा तोंडावर आहे. खडकवासल्याच्या विसर्गाचा आकडा वाढत असल्याची बातमी आली की रात्र असो की पहाट, गाडी वरच्या रस्त्यावर नेऊन लावायची. २०२४ ला विसर्ग ३५ हजार क्युसेकवर गेला होता, हा आकडा लक्षात असू द्या आणि तिथवर वाट बघू नका. चढावरच्या कुणाच्या सोसायटीत चार दिवस जागा मिळेल का, हे आत्ताच विचारून ठेवा. पॉलिसी नव्याने घेताना इंजिनाचं वेगळं कवच मिळतं का ते विचारा. गाडी जुनी झाली की ते मिळेलच असं नाही. फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती, पॉलिसी घेतलीत तर पुराचा एक रुपयाही मिळत नाही.

सांगलीच्या, कोल्हापूरच्या, चिपळूणच्या वाचकांनीही गेल्या काही वर्षांत हेच विचारलं आहे, म्हणून जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी थोडं लिहिते. चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. स्टेपनीच्या खोबणीत आणि सीटच्या रुळांच्या बोल्टवर गंज शोधा. हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेषा दिसते का बघा. जुन्या गाडीत कार्पेट तेवढं कोरं करकरीत असेल तर का बदललं ते विचारा.

आणि ताई, तुम्ही आज रात्री ड्युटीला निघताना गाडी लगेच सुरू करू नका. किल्ली ऑनवर ठेवून थांबा. एअरबॅगचा दिवा लागला पाहिजे आणि काही सेकंदांत विझला पाहिजे. विझलाच नाही किंवा चालवताना परत लागला, तर दोष आहे. अजिबातच लागला नाही तर तेही वाईट, कारण दुरुस्ती टाळून कुणीतरी दिव्याचंच कनेक्शन काढल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. मोबाईलवर त्याचा छोटा व्हिडिओ काढून ठेवा. उद्या वर्कशॉपला पाठवायच्या ईमेलला तोच जोडायचा आहे.